आठ कोंबड्यांची राखण



व्याख्यानमालेच्या पत्रिकेत संतवाङ्मय, राज्यघटना आणि नाट्यसंगीत यांच्या पंक्तीला कोंबड्या येऊन बसलेल्या पाहून आपल्यापैकी काहींना गंमत वाटली असेल. चालकांनीही आम्हांला दोनदा विचारून घेतले, की विषय नक्की हाच ना? आम्ही म्हणालो, हाच. शहाडला तो परका नाही. येथे एका बाजूला रेयॉनच्या कारखान्याचे धुराडे आणि विठोबाचे मंदिर, दुसऱ्या बाजूला उल्हास नदी, मधून लोहमार्ग. मुंबईहून लोकलने येणाऱ्याला वाटते, की गाव मागेच संपले. पण पुलावरून मुरबाडच्या रस्त्याने थोडे पुढे जावे. म्हारळ लागते, वरप लागते, कांबा लागतो. नदीपलीकडे मोहने, अटाळी, आंबिवली. चाळींच्या आणि नव्या इमारतींच्या पाठीमागे, न्हाणीच्या कडेला, पत्र्याचा तुकडा आणि फळ्या ठोकून केलेले खुराडे हमखास दिसते. त्यात पाच, सात, फार तर दहा कोंबड्या आणि एक कोंबडा. आम्ही सोयीसाठी आठ म्हणू. आजचे बोलणे या आठ कोंबड्यांविषयी आहे.

या कोंबड्या कोणाच्या असतात? सातबाऱ्यावर त्यांची नोंद नसते, बँकेत त्यांच्यावर कर्ज मिळत नाही, आणि घरच्या पुरुषाला विचारले तर तो त्यांची संख्याही धड सांगू शकत नाही. त्या घरातील बाईच्या असतात. नवऱ्याच्या पगाराचा हिशेब घरात सर्वांना ठाऊक असतो. अंड्यांचा हिशेब तिला एकटीला ठाऊक असतो. मुलीची वही, सासूचे औषध, माहेरी जाण्याचे भाडे हे त्यातून निघते. आषाढी अमावास्येला, जिला आपल्याकडे सर्रास गटारी म्हणतात, एक चांगला गावठी कोंबडा विकला की शाळा सुरू होतानाचे ओझे हलके होते. वाडीवरच्या कातकरी किंवा ठाकर बाईची तर तीच एक शिल्लक असते. २०१९ च्या पशुगणनेत देशातील एकूण कोंबड्यावर्गीय पक्षी ८५ कोटींच्या वर निघाले आणि त्यांपैकी ३१ कोटींहून अधिक परसातले होते. आधीच्या गणनेच्या मानाने परसातल्या पक्ष्यांची वाढ ४५ टक्क्यांच्या पुढे होती. म्हणजे हा धंदा मरणपंथाला लागलेला नाही. तो वाढतो आहे, फक्त कोणाच्या डोळ्यांवर येत नाही.

आणि तरी होळी उलटून ऊन तापू लागले, की दर दोनतीन वर्षांनी एखाद्या आठवड्यात हे खुराडे रिकामे होते. सकाळी एक कोंबडी पंख पाडून कोपऱ्यात उभी राहते. हिरवट पाणी हगते. चोच उघडी टाकून श्वास ओढते. दुसऱ्या दिवशी तिची मान पिळवटते, कधी इतकी, की चोच आकाशाकडे आणि डोके पाठीवर. चौथ्या-पाचव्या दिवशी आठांपैकी एखादी उरते. आपल्या बायकांनी या रोगाला जे नाव दिले आहे, त्यापेक्षा अचूक नाव कोणत्याही डॉक्टराला सुचले नसते. मानमोडी. हेच नाव महाराष्ट्राने १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीलाही दिले होते, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिचा संदर्भ येणार आहे.

मानमोडीचे पुस्तकी नाव राणीखेत. हे नाव आपल्याच देशातले आहे. १९२६ साली हा रोग जावा बेटावर आणि इंग्लंडातील न्यूकॅसल या बंदरात जवळजवळ एकाच वेळी ओळखला गेला. बंदरात तो पूर्वेकडून आलेल्या जहाजांतील पक्ष्यांबरोबर अथवा मांसाबरोबर उतरला असावा, असे मानतात. पुढच्याच वर्षी, १९२७ साली, कुमाऊँच्या डोंगरात राणीखेत येथे तो दिसला. इंग्रजांनी आपल्या गावाचे नाव जगाला दिले, आपण आपल्या गावाचे वापरत राहिलो. त्यावर औषध तेव्हा नव्हते आणि आजही नाही. पण लस निघाली, आणि तीही आपल्याकडे, मुक्तेश्वरच्या प्रयोगशाळेत, १९४० च्या सुमारास. ही प्रयोगशाळा मूळची पुण्याची बरे का! १८८९ साली पुण्यात ती सुरू झाली आणि १८९३ साली थंड हवेसाठी हिमालयात हलवली गेली. गुरांचा बुळकांड्या रोग हा तिचा मुख्य विषय होता, आणि तो बुळकांड्या २०११ साली साऱ्या पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. राणीखेतीची लस मात्र ऐंशी वर्षे हाताशी असून आपल्या परसातल्या कोंबडीपर्यंत ती पोचलेली नाही. मोठ्या पोल्ट्रीत एकही पिल्लू लशीवाचून वाढत नाही. शेजारच्या खुराड्यात मात्र मानमोडी दैवगतीने येते आणि दैवगतीने जाते. एवढे हे अंतर का पडले, हे पाहण्यासारखे आहे. पण त्याआधी नवापूरला जाऊन येऊ.

नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर हे गुजरातच्या हद्दीला लागून असलेले गाव. तेथे अंड्यांच्या कोंबड्यांच्या मोठमोठ्या पोल्ट्र्या उभ्या राहिल्या होत्या. २००६ च्या आरंभी तेथे पक्षी मोठ्या संख्येने मरू लागले. प्रथम समजूत झाली ती राणीखेतीचीच. त्यात विशेष काय? राणीखेत येते, कोंबड्या मरतात, खड्डा खणून पुरतात, उरलेल्या लगबगीने विकतात. नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेत गेले, आणि १८ फेब्रुवारी २००६ रोजी जाहीर झाले, की ही राणीखेत नव्हे, हा बर्ड फ्लू आहे. भारतातला पहिला. त्यानंतर पांढरे पोशाख घातलेली पथके आली आणि लाखो पक्षी मारून पुरले गेले. परिघात जे सापडले ते सारे गेले, मग ते पोल्ट्रीतले असोत की एखाद्या भिल्लाच्या झोपडीमागचे असोत. पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यातील काही गावांत तो निघाला, आणि तेथे तर तो परसातल्या कोंबड्यांतच निघाला. माणसांना लागण झाली नाही, हे आपले नशीब. १९९७ साली हाँगकाँगमध्ये याच जातीच्या विषाणूने १८ माणसांना गाठले होते आणि त्यांतली ६ दगावली होती. भारतातही पुढे जुलै २०२१ मध्ये हरयाणातील एक मुलगा त्याने दिल्लीच्या रुग्णालयात मेला.

नवापूरची हकिगत पुष्कळांनी पुष्कळ अंगांनी सांगितली आहे. आम्हांला तिच्यातली एकच गोष्ट लाखमोलाची वाटते. जुन्या रोगाने नव्या रोगाला पांघरूण घातले. जेथे दर उन्हाळ्यात मानमोडी येतेच, तेथे कोंबड्यांचे मरण ही बातमीच राहत नाही. पन्नास घरांत तीनशे कोंबड्या मेल्या, तरी लोक म्हणतात, आला रोग, गेला रोग. उलट ज्या वाडीत सगळ्या कोंबड्यांना राणीखेतीची लस टोचलेली आहे, त्या वाडीत एका दिवशी सहा कोंबड्या मेल्या तर माणसे चमकतात. हे राणीखेत नव्हे, मग हे काय? हा प्रश्न ज्या दिवशी पडतो, त्या दिवशी दवाखान्यात वर्दी जाते. परसातली कोंबडी पाळणाऱ्याच्या हाती बर्ड फ्लूवर लस नाही. पण राणीखेतीची लस त्याच्या हाती आहे, आणि ती देण्याने बर्ड फ्लूची आरोळी ऐकू येऊ लागते. म्हणून आमचे म्हणणे असे, की नव्या रोगाची पहिली राखण म्हणजे जुन्या रोगाची लस.

हे सारे दूर नंदुरबारात घडले म्हणून आपण निर्धास्त राहावे, अशी स्थिती नाही. जानेवारी २०२१ मध्ये ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरच्या वसाहतीत ढोकरी बगळे झाडांखाली मरून पडले, आणि त्यांच्यात बर्ड फ्लू निघाला. त्याच वेळी परभणीजवळच्या मुरुंबा गावात दोन दिवसांत शेकडो कोंबड्या मेल्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये आपल्याच कसारा मार्गावरच्या शहापूर तालुक्यात, वेहळोली येथे, एका पोल्ट्रीत सुमारे शंभर पक्षी मेले आणि किलोमीटरभराच्या परिघातले सुमारे २५,००० पक्षी मारण्याचा आदेश निघाला. जानेवारी २०२५ मध्ये उरण तालुक्यातील चिरनेर येथे तो आला. १९३० च्या जंगल सत्याग्रहामुळे ज्या गावाचे नाव आपण ऐकतो, तेच हे चिरनेर. तेथेही गावातल्या घरगुती कोंबड्या गेल्या. शहाड या दोहोंच्या मधोमध पडते.

आता रोग येतो कसा? लोक वर बोट दाखवतात. म्हणतात, पाखरे आणतात. बगळा, पाणबदक, कावळा यांचा हात त्यात आहे, हे खरे. उल्हासच्या काठी, खाचरांत आणि डबक्यांत बगळे आणि आपल्या कोंबड्या एकाच पाण्यात चोच घालतात. म्हणून कोंबड्यांचे पाणी घरच्या भांड्यातले असावे, रोज ओतून बदललेले असावे, आणि दाणा उघड्यावर सांडून कावळ्यांची पंगत बसवू नये. पण आकाशातून येणारा रोग दहांत एखादा असेल. बाकीचा जमिनीवरून येतो, माणसाच्या पायांनी येतो. तो बाजारच्या डालग्यातून येतो. विकायला नेलेली कोंबडी चार तास दुसऱ्या चाळीस कोंबड्यांच्या अंगाला अंग लावून बसते, भाव पटला नाही म्हणून संध्याकाळी परत येते, आणि सरळ खुराड्यात शिरते. लग्नसराईत पाहुणी येते, हातात भेट म्हणून जिवंत तलंग. तिला कोणी वेगळी ठेवत नाही, कारण पाहुणीने आणलेल्या कोंबडीला वेगळे बांधणे म्हणजे पाहुणीचाच अपमान! ब्रॉयलरच्या गाड्या पहाटे मुरबाड रस्त्याने येतात, मोकळे पिंजरे घेऊन परत जातात, आणि जाताना वाटेवर पिसे आणि घाण सांडतात. बाजारातून दुकानची आतडी-पिसे कुत्र्यांना म्हणून कोणी आणतो आणि ती उकिरड्यावर पडतात. उकिरडा कोणाचा? कोंबड्यांचा.

ओल्या, थंड विष्ठेत हे विषाणू आठवडेच्या आठवडे टिकतात. कडक ऊन आणि साबण त्यांना सोसत नाही. एवढे एक तत्त्व कळले, की पुष्कळ गोष्टी आपोआप सुचतात. नवी कोंबडी निदान पंधरा दिवस, जमल्यास तीन आठवडे, न्हाणीपलीकडे वेगळ्या डालग्याखाली ठेवावी, आणि तिचे दाणापाणी घरच्या कोंबड्यांचे झाल्यावर, शेवटी करावे. पाहुणीला सांगावे, की तिला दृष्ट लागू नये म्हणून वेगळी ठेवली आहे. आम्ही एका घरी हा उपाय पाहिला आणि त्या बाईच्या चातुर्याला मनोमन हात जोडले. बाजारातून आलेल्या माणसाने पाय आणि चप्पल साबणाने धुऊन मगच परसात जावे. डालगे उन्हात टाकावे. खुराड्यातली घाण रोज खरवडावी, महिन्यातून एकदा चुना मारावा. यांत पैशाचे काम थोडे आणि सवयीचे फार आहे, म्हणूनच ते अवघड आहे, हे आम्ही जाणून आहो.

आता लशीकडे वळू. आमच्या मते गाठ येथेच आहे.

पोल्ट्रीवाल्याला लस का परवडते आणि बाईला का मिळत नाही? पैशामुळे नव्हे. एका डोसाला एका गावठी अंड्याइतकेही पैसे पडत नाहीत. अडचण आहे ती कुपीची. लशीची कुपी निघते शंभर डोसांची, दोनशेची, पाचशेची, हजाराची. ती फ्रिजमध्ये राहते, बर्फातून आणावी लागते, आणि एकदा पाण्यात कालवली की दोन तासांच्या आत संपवावी लागते. आठ कोंबड्यांसाठी शंभरांची कुपी फोडायची आणि ब्याण्णव डोस मातीत ओतायचे, हे दवाखान्याच्या माणसालाही जिवावर येते आणि बाईलाही. मग दोघेही एकमेकांकडे पाहतात आणि काम पुढच्या वेळेवर जाते. पुढच्या वेळी खुराडे रिकामे असते.

परंतु हाच हिशेब वाडीचा करून पाहा. चौदा घरे, घरटी सात कोंबड्या, झाल्या अठ्ठ्याण्णव. शंभरांची कुपी अशी संपते, की दोन थेंब उरतात. एका घराला जे परवडत नाही ते चौदा घरांना सहज परवडते. एका घरी लस दिली आणि शेजारी राहिली, तर निम्मे काम फुकट जाते, कारण आपल्या कोंबड्या कुंपण मानत नाहीत. दिवसभर त्या एकाच उकिरड्यावर असतात. म्हणून आठ कोंबड्यांची राखण कोणत्याही एका घराला करता येत नाही. ती आळीने करायची असते.

त्यात दुसरी अडचण वेळेची. दवाखान्याचे काम सुरू होते तोवर कोंबड्या दाणा टिपून खाचरात, बांधावर, शेजारच्या गल्लीत पांगलेल्या असतात. कोंबडी धरणे हे येरागबाळ्याचे काम नव्हे. आम्ही सुशिक्षित, धडधाकट माणसे या खटपटीत शेणात पडलेली पाहिली आहेत. कोंबडी हाती लागते ती दोनच वेळी. अंधार पडल्यावर, किंवा उजाडण्यापूर्वी खुराड्याचे दार उघडण्याआधी. कचेरीची वेळ आणि कोंबडीची वेळ जुळत नाही, एवढ्या एका कारणाने किती लस वाया गेली असेल! यावर उपाय असा, की लस देणारा हात वाडीतलाच असावा. टोचण्याची लस जाणत्या माणसानेच द्यावी. परंतु डोळ्यात एक थेंब टाकण्याचे काम कोणतीही चुणचुणीत मुलगी दोन दिवसांत शिकते. हा आमच्या कल्पनेचा खेळ नाही. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडच्या विद्यापीठात उष्णता सोसणारी लस तयार झाली, आय-टू नावाची, आणि मोझांबिक, टांझानियासारख्या आफ्रिकी देशांत खेड्यांतील स्त्रियांनी ती घरोघर, दर चार महिन्यांनी, डोळ्यांत थेंब घालून दिली. आमच्या बचत गटांच्या बाया त्यांच्याहून कोणत्या गोष्टीत कमी आहेत?

तपशील थोडक्यात सांगतो, कारण सभेनंतर तोच विचारला जातो. पिल्लू पाचसात दिवसांचे झाले, की लासोटा किंवा एफ या लशीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात. महिन्याच्या सुमारास पुन्हा लासोटा. दोन महिन्यांची झाल्यावर आर-टू-बी ही लस पंखाखाली टोचून, अर्धा मिलिलिटर. ही तिसरी लस जोरकस असते. लहान पिल्लांना ती देऊ नये. देवीची लस सहासात आठवड्यांच्या सुमारास, पण ती वेगळी. पुढची उजळणी दवाखाना सांगेल तशी. लस पाण्यातून द्यायची तर नळाच्या पाण्यातून कदापि देऊ नये, त्यातील क्लोरिनने ती मरते. विहिरीचे पाणी घ्यावे आणि त्यात थोडी दुधाची भुकटी घालावी. भांडे मातीचे किंवा प्लॅस्टिकचे असावे. पुण्यात औंधला शासनाची लस तयार करणारी संस्था आहे. जनावरांच्या दवाखान्यात आधी नाव नोंदवले तर कुपी मागवून देता येते.

आणि एक तक्रार नेहमी ऐकू येते, की "लस दिली आणि कोंबड्या मेल्या." ती खोटी नसते. शेजारी साथ सुरू झाल्यावर घाईने लस दिली जाते. तोवर रोग अंगात शिरलेला असतो. लशीचे बळ चढायला आठवडा-दोन आठवडे लागतात. घर पेटल्यावर विहीर खणण्याचा हा प्रकार. मानमोडीची वेळ उन्हाळ्याची, तेव्हा लस माघ-फाल्गुनात झालेली बरी. आज चैत्र-वैशाखात ज्यांच्या वाडीत सर्व ठीक आहे त्यांनी मात्र याच आठवड्यात द्यावी.

आता सर्वांत नाजूक गोष्ट. कोंबडी आजारी पडली, की आपल्याकडे काय करतात? मरायच्या आधी सुरी फिरवतात. त्याबद्दल आम्ही नाक मुरडणार नाही; ज्या घरात महिन्यातून एकदा मांस शिजते, तेथे दीड किलोची कोंबडी पुरून टाका म्हणणे सोपे नाही. नीट शिजवलेल्या रश्श्यात विषाणू राहत नाही. सत्तर अंशांच्या आचेला तो मरतो. धोका ताटात नसतो, धोका पिसे काढण्यात असतो. रक्त, पिसे, आतडी, ते धुतलेले पाणी, आणि हे सारे हाताळणारी बाई व तिच्या पदराला धरून बसलेले पोर, या ठिकाणी तो माणसापर्यंत येतो. माणसांच्या साथीला आणि कोंबड्यांच्या रोगाला आपण एकच नाव दिले होते, ते आम्ही मघाशी सांगितले. आपल्या आजीबाईंना विषाणूशास्त्र ठाऊक नव्हते, पण योगायोग विलक्षण खरा. इन्फ्लुएंझा हा पक्ष्यांतून माणसांत येऊ पाहणाऱ्या रोगांपैकीच आहे.

जे कापत नाहीत ते विकतात. एक मेली, दोन झुरू लागल्या, की उरलेल्या पाच पहाटेच बाजारात. प्रत्येक बाईला वाटते, आपण पाच वाचवल्या. वस्तुतः तिने पाच गावांना रोग दिलेला असतो. आणि मेलेली कोंबडी पिशवीत घालून नाल्यात अथवा नदीत टाकण्याची चाल तर शहाडला शोभत नाही. याच उल्हासचे पाणी शहाड-टेमघर योजनेतून ठाणे, भिवंडी, मीरा-भाईंदरपर्यंत जाते.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. जनावरांच्या सांसर्गिक रोगांविषयीच्या २००९ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे असे मरण दिसले तर मालकाने ग्रामपंचायतीला किंवा नेमलेल्या अधिकाऱ्याला वर्दी दिली पाहिजे, आणि तेथून ती पशुवैद्यापर्यंत गेली पाहिजे. १९६२ या क्रमांकावर फोन केला तरी चालतो. नुसत्या डोळ्यांनी मानमोडी आणि बर्ड फ्लू ओळखू येतीलच असे नाही. तुरा निळाजांभळा पडणे, डोके सुजणे, पायांवर रक्ताचे डाग, आणि दोनतीन दिवसांत धडाधड मरणे, ही लक्षणे दिसली तर संशय दाट धरावा, एवढेच. पण बाई फोन का करत नाही? तिला ठाऊक असते, की फोन केला तर पांढऱ्या पोशाखांतले लोक येतील, तिच्या उरलेल्या कोंबड्या नेतील, शेजारणींच्याही नेतील, आणि पुढची दहा वर्षे आळी तिला विसरणार नाही. किलोमीटरभराचा परीघ हा कागदावर एक वर्तुळ असतो. वाडीत तो शंभर बायकांचा राग असतो.

म्हणून भरपाईचा प्रश्न हा दयेचा नाही, तो रोगनिवारणाचाच भाग आहे. २०२१ साली राज्य शासनाने जाहीर केलेले दर असे होते: आठ आठवड्यांवरील अंड्याच्या कोंबडीला ९० रुपये, सहा आठवड्यांवरील मांसाच्या कोंबडीला ७० रुपये, पिल्लाला २० रुपये, अंड्याला ३ रुपये. पोल्ट्रीतल्या हिशेबाला ते कदाचित जवळ जात असतील. पण गटारीच्या आदल्या दिवशी गावठी कोंबड्याचा भाव काय असतो, हे या सभेत सर्वांना ठाऊक आहे. सत्तर-नव्वद रुपयांसाठी कोणती बाई शेजारधर्म मोडील? आमचे मत असे, की परसातल्या पक्ष्याची भरपाई गावच्या बाजारभावाने, त्याच दिवशी, बाईच्या हातात पडली पाहिजे. खर्च वाढेल. पण वेहळोलीच्या पंचवीस हजारांचा खर्च कोणी केला? एक दिवस आधी मिळालेली वर्दी एवढ्या पैशांत स्वस्तच आहे. सध्याच्या रीतीतही एक गोष्ट बाईच्या फायद्याची आहे, ती तिला कोणी समजावून सांगत नाही. भरपाई मिळते ती शासनाने मारलेल्या पक्ष्यांची. आपोआप मेलेल्यांची मिळत नाही. म्हणजे वाट पाहण्यात तिचेच नुकसान. पहिल्या दिवशी फोन केला तर सातांचे पैसे, चौथ्या दिवशी केला तर एकीचे.

शेजारणींच्या रागावरही एक तोड आहे. वर्दी एकटीने देऊच नये. लशीसाठी जी चौदा घरे एकत्र येतात, त्यांनी तेव्हाच ठरवावे, की दोन घरांत मिळून तीन कोंबड्या मेल्या तर वर्दी गटाच्या नावाने जाईल. फोन कोणी केला, हा प्रश्नच मग उरत नाही. लशीच्या दिवशी कुपीचा हिशेब जिने लिहिला, तिनेच मेलेल्यांची वहीही ठेवावी.

पथक येईपर्यंत काय करावे, हे सांगून विषय आटोपतो. कोंबड्या खुराड्यात कोंडाव्यात. एकही बाहेर विकू नये, वाटू नये, कापू नये. मेलेलीला उघड्या हाताने उचलू नये; दोन प्लॅस्टिकच्या पिशव्या हातांवर चढवून, नाकातोंडाला फडके बांधून ती बाजूला ठेवावी आणि टोपलीखाली झाकावी, कारण डॉक्टरांना नमुना लागतो. तो औंधला आणि तेथून भोपाळला जातो. पोरांना परसात जाऊ देऊ नये. ज्याने हात लावला त्याला पुढच्या आठदहा दिवसांत ताप-खोकला आला, तर दवाखान्यात कोंबड्यांची गोष्ट आपण होऊन सांगावी. डॉक्टर ती विचारीलच असे नाही. डॉक्टरांनी पुरायला सांगितले, तर विहिरीपासून आणि नदीपासून दूर, कुत्र्याला उकरता येणार नाही इतका खोल खड्डा घ्यावा आणि वरखाली चुना टाकावा.

मग राहते रिकामे खुराडे. ते रिकामे पाहवत नाही, आणि आठ दिवसांत नव्या तलंगा येतात. त्या आणू नयेत. मानमोडी होऊन गेली असेल तर फळ्या उचकटून, खरवडून, साबणाच्या पाण्याने धुऊन, चुना मारून महिनाभर तरी उन्हात तापू द्यावे. बर्ड फ्लू निघाला असेल तर तीन महिने आणि शासनाचा होकार, त्याआधी नाही. त्यानंतरही एकदम आठ आणू नयेत. लस दिलेल्या दोनच तलंगा आणाव्यात, तीन आठवडे पाहाव्यात, आणि त्या नीट दाणा टिपू लागल्या की मग बाकीच्यांसाठी पैसे सोडावेत.